घरच्या पावडरीने टॉवेल पाणी टिपेनासे का होतात

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी बाजारची पावडर बंद केलीत. अंगाच्या साबणाची एक वडी किसून त्यात एक वाटी धुण्याचा सोडा, एक वाटी टाकणखार (बोरॅक्स) आणि थोडा खाण्याचा सोडा मिसळता आणि मशीनला दर वेळी दोन चमचे टाकता. पहिले काही आठवडे कपडे छान निघाले. आता टॉवेल पाणी नुसतं अंगभर फिरवतात, टिपत नाहीत. पांढरे शर्ट राखाडी पडलेत आणि बाळाच्या दुपट्यांना वाळल्यावरही कुबट वास येतो. इमारतीला बोअरचं पाणी आहे, मशीन वरून उघडणारं आहे. शेवटी विचारलंय, साबण वाढवू का?

साबण वाढवू नका. वाढवलात तर आज जे होतंय तेच दुपटीने होईल.

मी सोलापुरात सत्तावीस वर्षं टॉवेल-चादरींच्या प्रोसेसिंगमध्ये काढली. सूत उकळायचं, ब्लीच करायचं, रंगवायचं आणि रंगानंतर साबणाच्या गरम पाण्यातून काढायचं, हे आमचं रोजचं काम. टॉवेल पाणी टिपतो की नाही, यावर माल पास-नापास व्हायचा. त्यामुळे तुमची तक्रार वाचताना मला पावडरीपेक्षा आधी तुमची पाण्याची टाकी दिसली. तुमची पावडर मुळात वाईट नाही, पण ते पाणी तिला पेलवत नाही.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक यांच्यापासून झालेला क्षार. मऊ पाण्यात तो उत्तम काम करतो. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं, साबण कापडाकडे जायच्या आधी त्यांना जाऊन चिकटतो आणि न विरघळणारा मेणचट साका होतो. न्हाणीघरातल्या बादलीच्या आतून जो पांढुरका बुळबुळीत थर बसतो, तोच हा. तुमच्या टॉवेलवर धाग्याची जी बारीक वेटोळी असतात, त्या प्रत्येकावर सध्या तोच थर आहे. मेण लावलेल्या वातीवर पाणी ठरत नाही, तसं त्या टॉवेलवरही ठरत नाही. तो थर अंगाचं तेल, बाळाच्या दुधाचा अंश आणि मळ धरून ठेवतो, म्हणून कपडे राखाडी होतात आणि वासही तिथूनच येतो. प्रत्येक धुण्याला थर अगदी पातळ बसतो, म्हणून पहिल्या महिन्यात कळत नाही.

आता थोडा हिशोब करू, कारण हिशोब केल्याशिवाय हे पटत नाही. पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेलं हे कॅल्शियम-मॅग्नेशियम, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं धरलं आहे. तुमचं बोअर ५०० चं आहे असं समजा. मशीन एका वेळी ६० लिटर पाणी घेत असेल, तर त्यात ३० ग्रॅम जडपणा आला. एक ग्रॅम जडपणा साधारण ६ ग्रॅम साबण खातो. म्हणजे फेसाचा पहिला बुडबुडा टिकायच्या आधी १८० ग्रॅम साबण, जवळजवळ दोन वड्या, त्या पाण्यातच संपणार. तुमच्या दोन चमचे पावडरीत साबण असेल सहा-सात ग्रॅम. तो कापडापर्यंत साबण म्हणून पोचतच नाही, साका म्हणून पोचतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका युनिटमध्ये उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी पडलं. वरून निरोप आला की रंगानंतरची धुलाई बोअरच्या पाण्यावर घ्या. पाणी मऊ करायचं यंत्र तेव्हा तिथे नव्हतं. गडद निळे टॉवेल होते. वाळून आले तेव्हा त्यांच्यावर राख उधळल्यासारखे पट्टे होते आणि हाताला मेणचट लागत होते. आम्हाला वाटलं साबण कमी पडला, म्हणून पुढच्या घाण्याला वाढवला. तो घाणा आणखी वाईट निघाला. तुम्ही आज जो प्रश्न विचारलात तो मी तेव्हा माझ्या मास्तरांना विचारला होता. त्यांनी काही न बोलता एका काचेच्या बाटलीत बोअरचं पाणी भरलं, साबणाचा तुकडा टाकला आणि हलवून माझ्या हातात दिली. आत फेस नव्हता, फाटलेल्या दुधासारखं पाणी होतं.

ती बाटली तुम्हीही करून बघा. एका बाटलीत तुमचं बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी घ्या. दोन्हींत अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका आणि वीस वेळा हलवा. एकीत फेस आणि दुसरीत चोथा दिसला तर निदान झालं. मात्र भांड्यांचा लिक्विड साबण घेऊ नका. तो साबण नसून डिटर्जंट असतो, तो जड पाण्यातही फेस करतो आणि फसवतो. आपल्या आज्यांची परीक्षा याहून जुनी आहे: ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्या पाण्यात कपडेही निघत नाहीत. टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो पाण्यातले सगळे क्षार मोजतो, त्यातला जडपणा किती हे त्याला कळत नाही. जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या घ्या.

इथे एक गोष्ट मान्य करतो. तुमचं गाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावर फार अवलंबून आहे. मुंबईचं तानसा-भातसाचं पाणी, पुण्याचं खडकवासल्याचं पाणी किंवा कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी मऊ असतं. तिथल्या कुणी हीच कृती तुम्हाला सांगितली असेल तर ती खोटं बोलत नाहीये, तिच्याकडे ती चालते. सोलापूर आणि मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणातल्या बोअरवर ती चालत नाही. टँकरचं पाणी असेल तर आज एक, उद्या दुसरं. आणि एक चूक बऱ्याच घरांत होते, मला ती सांगावीशी वाटते: पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी कपड्यांना वापरतात. हेतू चांगला आहे, पण ते पाणी मूळच्या पाण्याहूनही जड असतं. ते फरशीला वापरा.

मग तुमच्या पावडरीतला धुण्याचा सोडा काय करतो? तोच तर खरा कामाचा माणूस आहे. सोडा कॅल्शियमला खडूच्या रूपात खाली बसवतो आणि पाणी बऱ्यापैकी मऊ करतो. पूर्वी हाच खार लोणारच्या सरोवरातून काढला जायचा. पण सोड्याला वेळ लागतो, साबणाला लागत नाही. दोघांना एकदम टाकलं की साबण आधी मरतो आणि सोडा मागाहून पोचतो. शिवाय तुमच्या मिश्रणात सोडा पुरेसा नाही. एक ग्रॅम जडपणाला साधारण एक ग्रॅम कोरडा सोडा लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणात ३० ग्रॅमच्या वर. दुकानातून खड्यांचा, ओलसर काचेसारखा सोडा आणलात तर त्याच्या वजनात ६३ टक्के पाणीच असतं, मग तो पावणेतीन पट घ्यावा लागतो. म्हणून मी ‘सोडा ॲश’ म्हणून मिळणारी कोरडी पांढरी भुकटीच घेतो आणि वाटीने न मोजता काट्यावर मोजतो. घेताना पाकिटावरचं नाव नीट वाचा. कॉस्टिक सोडा वेगळा, तो कातडी भाजतो, घरच्या धुण्यात त्याला जागा नाही.

सोड्याचीही मर्यादा आहे. मॅग्नेशियम त्याला नीट बसवता येत नाही. आणि जो खडू खाली बसतो तो मशीन फिरत असेल तर कापडावरच बसतो आणि कापड खरखरीत होतं. हाताने धुणार असाल तर त्यावर जुना आणि सोपा उपाय आहे: रात्री पिंपात २० लिटरला १५ ग्रॅम सोडा ॲश ढवळून ठेवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी हळूच काढून घ्यायचं, तळाचा गाळ सोडून द्यायचा. मशीनमध्ये हे जमत नाही.

आणि साबणाची खरी हार विसळताना होते. हे फार कुणी सांगत नाही. समजा तुम्ही धुण्याचं पाणी सोड्याने मऊ केलंत, साबण छान फेसाळला, मळ निघाला. आता मशीन ते पाणी सोडतं आणि विसळायला पुन्हा ६० लिटर बोअरचं पाणी घेतं. कापडात उरलेला साबण त्या पाण्याला भेटतो आणि साका थेट धाग्यातच तयार होतो. कारखान्यात आम्ही विसळायचं पाणीही मऊ करून घ्यायचो. घरी ते परवडत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाणी जड असेल तर घरच्या पावडरीत साबण घालूच नये.

बाकीच्या दोन पदार्थांबद्दल थोडक्यात. खाण्याचा सोडा धुण्याच्या सोड्यापुढे फार सौम्य आहे, तो घातला काय, न घातला काय. टाकणखार थोडीफार मदत करतो, पण युरोपात तो प्रजननाला घातक पदार्थांत धरला जातो. बाळाच्या कपड्यांसाठी मी तो घेणार नाही, आणि तो काढल्याने तुमचं काही अडणारही नाही. काहीजण सोड्यात व्हिनेगर ओततात, छान फसफसतं. ते फसफसणं म्हणजे आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवत असतात, मागे दोघांपैकी एकही कामाचं उरत नाही. व्हिनेगर वापरायचंच तर शेवटच्या विसळण्यात, एकटं.

आता आधी बसलेला थर काढू. क्रम महत्त्वाचा आहे, कारण तो साका सोड्याने थेट निघत नाही. चार-पाच टॉवेल घ्या. १० लिटर चांगल्या गरम पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते, विरघळवा आणि टॉवेल तासभर बुडवून ठेवा. रंगीत टॉवेलचा कोपरा आधी भिजवून रंग जातो का बघा. आम्ल कॅल्शियमला साक्यापासून सोडवतं आणि मागे तेलकट अंश राहतो. पाणी गढूळ होईल, ते ओतून द्या आणि एकदा विसळा. मग पुन्हा १० लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम सोडा ॲश आणि बाजारातलं साधं डिटर्जंट २० ग्रॅम घालून अर्धा तास ठेवा, मधूनमधून लाकडी दांड्याने खालवर करा. तो तेलकट अंश आता निघेल. दोनदा भरपूर पाण्यात विसळा. हातमोजे घाला. आणि सायट्रिक ॲसिडच्या बादलीत ब्लीचचं पाणी कधीही घालू नका, क्लोरीन वायू सुटतो, बाळ असलेल्या घरात तर अजिबातच नको.

चार महिन्यांचा थर एका फेरीत पूर्ण जाईलच असं नाही, दोन लागू शकतात. झालं की नाही हे नाकाने किंवा डोळ्यांनी ठरवू नका. टॉवेल पूर्ण वाळवा, ताणून धरा आणि बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. पाच सेकंदांच्या आत थेंबाची चमक जाऊन तो कापडात शिरला पाहिजे. मण्यासारखा बसून राहिला तर थर अजून आहे. कारखान्यात आम्ही दर लॉटवर हेच करायचो. कपडे मऊ करायचं लिक्विड वापरत असाल तर ते टॉवेलना आणि दुपट्यांना बंद करा, तेही असाच थर देतं. मशीनच्या बाहेरच्या ड्रमलाही साका लागलेला असणार. रिकाम्या मशीनमध्ये गरम पाण्यावर १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड फिरवून काढा.

पुढे काय वापरायचं? घरी करायची तुमची इच्छा मला समजते आणि ती सोडून द्यावी असं मी म्हणणार नाही. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी घराच्या मागच्या अंगणात पावडर मिसळून सायकलवरून विकायला सुरुवात केली, तीच पुढे निरमा झाली. तीही घरचीच पावडर होती. पण तो साबण नव्हता, डिटर्जंट होतं, आणि आपल्या पाण्यात ती टिकली याचं एक कारण हे आहे. बचत गटांत आजही ॲसिड स्लरी (डिटर्जंटचा कच्चा माल) आणि सोडा मिसळून पावडर करतात. ती स्लरी तीव्र आम्ल आहे, सोड्यात पडली की तापते आणि उफाळते. शिकलेल्या माणसाच्या देखरेखीशिवाय स्वयंपाकघरात ते करू नका.

माझ्या घरी बोअरच्या पाण्यावर सुती कपड्यांना मी असं करतो: सोडा ॲश ६०० ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २०० ग्रॅम, सोडियम लॉरिल सल्फेटची भुकटी १८० ग्रॅम आणि सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) २० ग्रॅम. एकूण एक किलो. सोडा कॅल्शियम बसवतो. सायट्रेट काही कॅल्शियम-मॅग्नेशियमला पाण्यातच धरून ठेवतं, त्यामुळे खडू कापडावर कमी बसतो. लॉरिल सल्फेट मळ काढतं, आणि साबणासारखा त्याचा चिकट साका होत नाही. सीएमसी निघालेला मळ पुन्हा कापडावर बसू देत नाही. पांढरे शर्ट राखाडी पडू नयेत म्हणून ते. केमिकलच्या दुकानात हे सगळं सुटं मिळतं. मिसळताना नाक-तोंड बांधा, लॉरिल सल्फेटची धूळ नाकाला झोंबते. हवाबंद डब्यात ठेवा, डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. ६० लिटरच्या भरलेल्या मशीनला ५०० च्या पाण्यात मी ७० ग्रॅम टाकतो. आधी पावडर पाण्यात विरघळू देतो, मग कपडे घालतो. पाणी मऊ असेल तर निम्म्यात भागतं. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये हे वापरू नका, फेस फार होतो.

शेवटच्या विसळण्यात एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड विरघळवून घाला. सोड्याचा अल्कपणा कापडात राहत नाही आणि बाळाच्या कातडीला त्रास होत नाही. तरीही बाळाच्या अंगावर पुरळ दिसलं तर प्रयोग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

रेशीम, लोकर आणि कच्च्या रंगाच्या हातमागाच्या साड्यांना ही पावडर लावू नका, सोडा रेशमाचा आणि लोकरीचा धागा खातो. त्यांच्यासाठी रिठा. दहा-बारा रिठे बिया काढून रात्री लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळा, गाळा. रिठ्यातलं सॅपोनिन जड पाण्यात साबणासारखं फाटत नाही. हे पाणी दोन दिवसांत आंबतं, तेव्हा लागेल तेवढंच करा आणि डोळ्यांत जाऊ देऊ नका. पांढऱ्या कपड्यांना मात्र नको, पिवळट झाक येते. पैठणी घरी धुवायचीच नाही.

घरच्या पावडरीला काय जमत नाही तेही सांगायला हवं. बाजारच्या चांगल्या पावडरीत दूध, रक्त, डाळ यांचे डाग फोडणारी एन्झाइम असतात, आपल्या मिश्रणात ती नाहीत. दुपटी ओकारीची असतील तर ती लगेच साध्या गार पाण्यात विसळून ठेवा, गरम पाण्याने दुधाचा डाग पक्का होतो. हळदीचा डाग सोड्यात लाल होईल, घाबरू नका. विसळून कडक उन्हात वाळत घाला, हळद उन्हाने फिकी पडत जाते. आणि खर्चाचं म्हणाल तर सर्वात स्वस्त बाजारी पावडरीपेक्षा हे स्वस्त पडेलच असं नाही. मी करतो ते आपल्या पाण्याला हवं ते प्रमाण हातात राहतं म्हणून.

उरलेली साबणाची पावडर फेकू नका. जुलै-ऑगस्टमध्ये गच्चीचं पाणी पिंपात धरता आलं तर त्या पाण्यात, धुण्यालाही आणि विसळायलाही तेच वापरून, ती पावडर छान चालेल. आधी एका टॉवेलवर सायट्रिक ॲसिडची फेरी करून बघा. थेंब शिरायला आधी किती सेकंद लागत होते आणि नंतर किती लागले ते मोजून इथे लिहा. पट्टीवर जडपणा किती आला तेही लिहा, म्हणजे ७० ग्रॅमचं प्रमाण तुमच्या पाण्यासाठी वाढवायचं की कमी करायचं ते सांगता येईल.